घरच्या घरी उमेबोशी: जूनच्या पावसापासून ऑगस्टच्या उन्हापर्यंत

जून लागला की जपानमधल्या कुठल्याही सुपरमार्केटात शिरा, दारातच एक वेगळा ढीग मांडलेला दिसतो. उमे नावाची हिरवी-पिवळी आंबट फळं किलो-किलोच्या पिशव्यांत, शेजारी लाल झाकणाच्या मोठ्या काचेच्या बरण्या, खडीसाखर, जाडं मीठ, व्हाइट लिकर म्हणजे ३५ टक्के अल्कोहोलवाल्या साध्या, बिनरंगी दारूची खोकी, आणि थोड्या दिवसांनी लाल शिसो नावाच्या सुवासिक पाल्याच्या जुड्या. नवीन आलेल्यांना वाटतं कसलीतरी ऑफर लागलीये. ऑफर नाहीये, सीझन आहे, आणि तो जेमतेम महिना-दीड महिना टिकतो. या दिवसांत घरोघरी उमेचे जे उद्योग चालतात त्याला इकडे उमेशिगोतो म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात लांबणारा आणि माझ्या मते सगळ्यात समाधानाचा उद्योग म्हणजे उमेबोशी.

उमेबोशी म्हणजे ते आंबट-खारट लाल फळ, बेन्टोच्या डब्यात पांढऱ्या भाताच्या मधोमध ठेवलेलं असतं ते. पहिल्यांदा खाणारे बहुतेक जण डोळे मिटून तोंड वाकडं करतात, पण मराठी माणसाला ते पटकन आवडतं असा माझा अनुभव आहे, कारण चवीने ते आपल्या खारातल्या लिंबाचं चुलत भावंडच आहे. मग विकतची दोन-चार पाकिटं होतात आणि प्रश्न येतो की घरी करता येतं का. येतं की. अवघड काहीच नाही, फक्त दोन गोष्टी आधीच डोक्यात पक्क्या करा: मीठ कमी करायचं नाही, आणि हवामानाच्या पुढे पळायचं नाही. बाकी सगळं त्यातून निघतं.

आधी फळाबद्दल थोडं

उमेला सगळीकडे प्लम म्हणतात पण ते आलुबुखारपेक्षा जर्दाळूला जास्त जवळचं आहे. झाड फुलतं ऐन थंडी संपता संपता, फेब्रुवारीत, आणि फळ येतं जूनमध्ये. जपानच्या एकूण उमेपैकी निम्म्याहून जास्त एकट्या वाकायामा प्रांतात होतं, त्यातही मिनाबे आणि तानाबे या दोन गावांच्या भागात. तिथल्या डोंगराची जमीन भाताच्या कामाची नाही, म्हणून एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) तानाबेच्या सरदारांनी पडीक उतारांवर उमे लावायला उत्तेजन दिलं आणि तिथून हे सगळं वाढलं. उतारावर उमे, वर जंगल राखलेलं (त्या जंगलातल्या ओकच्या लाकडाचा बिनचोतान नावाचा प्रसिद्ध कोळसा होतो), आणि फुलांच्या परागीकरणाला जंगलातल्या मधमाश्या, अशी ती सांगड आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने या पद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

तुम्हाला दुकानात जे नाव सगळ्यात जास्त दिसेल ते नान्को उमे. ताकादा सादागुसु नावाच्या मिनाबेच्या शेतकऱ्याला १९०२ साली आपल्या रोपांत एक झाड वेगळंच, मोठ्या फळाचं सापडलं, ते त्याने जपलं, मग १९५०च्या दशकात तिथल्या शेतकी शाळेच्या शिक्षकांनी आणि पोरांनी पाच वर्षं गावातली वेगवेगळी झाडं तपासून हेच सगळ्यात चांगलं ठरवलं आणि १९६५ साली ते नान्को नावाने नोंदलं गेलं. साल पातळ, गर भरपूर, बी लहान. उमेबोशीसाठी हेच घ्या. महाग पडतं, मान्य आहे, पण पहिल्या वेळी तरी हेच घ्या. तोक्योकडे शिराकागा नावाची जात स्वस्त मिळते, ती उमेशुला म्हणजे उमेच्या दारूला छान, उमेबोशीला थोडी कडक वाटते मला. आणि कोउमे म्हणजे छोटी बोराएवढी उमे, ती कुरकुरीत लोणच्यासाठी असतात, त्याची कृती वेगळी आहे, या कामाला घेऊ नका.

कधी काय घ्यायचं

हे नीट वाचा कारण अर्धी गडबड इथेच होते. मेअखेरीस दुकानात येतात ती हिरवी, टणक उमे. ती सरबत आणि उमेशुसाठी. पिवळी, पिकलेली, पिशवी उघडली की खोलीभर पीचसारखा वास सुटतो ती साधारण जूनच्या मध्यापासून येतात, आणि उमेबोशी यांचीच करायची. हिरव्याची केली तर साल जाड राहते, गर बीला चिकटून बसतो आणि वर्षभर ठेवलं तरी मऊ होत नाही.

वाकायामातले शेतकरी तर उमेबोशीसाठी फळ तोडतच नाहीत. उतारावर झाडांखाली निळ्या जाळ्या पसरून ठेवतात आणि पूर्ण पिकून आपोआप पडलेलं फळ गोळा करतात. आपल्याला दुकानातून तेवढं पिकलेलं मिळत नाही, म्हणून घरी आणल्यावर पिशवीतून लगेच बाहेर काढायची, झारूत म्हणजे बांबूच्या पसरट टोपलीत किंवा पुठ्ठ्यावर कागद घालून एका थरात पसरायची, आणि एक-दोन दिवस सावलीत ठेवायची. फ्रिजमध्ये अजिबात नाही, थंडीने डाग पडतात. सगळी पिवळी झाली, वास सुटला की कामाला लागायचं. रोज सकाळ-संध्याकाळ बघा, कारण या टप्प्यावर एका रात्रीत एखादं सडायला लागतं आणि शेजारच्याला बिघडवतं. काळे ठिपके असलेलं चालतं, फुटलेलं किंवा मऊ पडून पाणी सुटलेलं बाजूला काढा, त्याचा साखर घालून जॅम करा.

आणि हो, हिरवं कच्चं उमे कैरीसारखं मीठ लावून खायचा मोह होईल, आपल्या लोकांना होतोच. नका खाऊ. कोवळ्या फळात आणि बीमध्ये अमिग्डालिन असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. मिठात, साखरेत किंवा दारूत नीट मुरलं की त्याचं प्रमाण उतरतं, म्हणून तर हे फळ इथे कच्चं खात नाहीत. मुलं असतील घरात तर टोपली उंचावर ठेवा.

सामान

एक किलोचा हिशोब सांगते, पहिल्यांदा एवढंच करा. पिकलेली उमे १ किलो, जाडं समुद्री मीठ १८० ग्रॅम, थोडी ३५ टक्केवाली शोचू (जपानी गाळीव दारू) किंवा व्हाइट लिकर (पुसायला, चार-पाच चमचे), लाल शिसोची पानं काड्या काढून १०० ते २०० ग्रॅम आणि त्या पानांच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा मीठ. शिसो नंतर लागतो, तो आत्ता घेऊ नका.

भांडं काचेचं, एनॅमलचं, किंवा चिनी मातीची बरणी असेल तर उत्तमच. लोणच्यासाठी मिळणारा प्लास्टिकचा डबाही चालतो. स्टील, ॲल्युमिनियम, तांबं काहीही नको, एवढं आंबट आणि एवढं खारट एकत्र आल्यावर धातू टिकत नाही. एनॅमलचं भांडं वापरणार असाल तर आतून टवका उडालेला नाही ना ते बघा. जागा नसेल तर जाड झिपलॉक पिशवीत पण होतं, तोक्योच्या आमच्या फ्लॅटांची साइझ बघता बरेच जण आता तेच करतात, आणि पिशवीत वजन कमी लागतं हा फायदा.

मिठाबद्दल एकदाच बोलते. १८ टक्के हा जुना, भरवशाचा आकडा आहे. १५ पर्यंत उतरता येतं पण मग बुरशीची रोजची धास्ती. त्याखाली गेलात तर ते फ्रिजमध्ये ठेवायचं लोणचं झालं. यूट्यूबवर ८ टक्केवाल्या हेल्दी रेसिपी भरपूर आहेत, त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू द्या, जूनच्या दमटपणात बाहेर ठेवायचं असेल तर १८. खारट कमी हवं असेल तर खाताना कमी खा, घालताना कमी घालू नका.

खारवणं

उमे हलक्या हाताने धुवा. पूर्ण पिकलेली असतील तर भिजत घालायची गरज नाही, उलट जास्त वेळ पाण्यात राहिली तर तपकिरी होतात. अजून थोडी हिरवट असतील तर तासभर पाण्यात ठेवली तरी पुरे. मग एकेक घेऊन सुती कापडाने कोरडी करा, आणि देठाच्या खाचेत जे छोटं काळं बटण असतं ते टूथपिकने किंवा बांबूच्या काडीने अलगद उचकटून काढा. हे काम किचकट वाटतं पण निवांत आहे, पोरांना बसवा सोबत, त्यांना फार आवडतं. साल फाटू देऊ नका, तिथूनच पाणी आणि बुरशी आत जाते. खाचेत पाण्याचा थेंब राहिला असेल तर तो पण टिपून घ्या.

भांडं उकळत्या पाण्याने धुऊन कडकडीत कोरडं करा. मग आतून शोचू फिरवून पुसा. ज्यांच्याकडे घरात दारू आणायची नाही त्यांनी नुसत्या उकळत्या पाण्यावर भागवलं तरी होतं, फक्त मग मीठ १८च्या वर ठेवा, २० करा. उमे एका बाऊलमध्ये घेऊन त्यावर दोन-तीन चमचे शोचू शिंपडून हलवली की मीठही नीट चिकटतं.

तळाला मूठभर मीठ, त्यावर उमेचा थर, मग मीठ, मग उमे. खाली कमी आणि वर जास्त मीठ जाईल असं बघा कारण ते विरघळून खालीच उतरणार आहे, शेवटचा मोठा वाटा सगळ्यात वर. त्यावर स्वच्छ ताटली पालथी आणि ताटलीवर वजन, दीड ते दोन किलो. वजनासाठी इकडे दगड मिळतात, पण पिशवीत भरलेलं पाणी किंवा तांदळाची पिशवी दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तरी चालतं. वरून कागद किंवा कापड घालून दोरी बांधा, आपण बरणीला दादरा बांधतो तसाच, आणि अंधाऱ्या थंड कोपऱ्यात ठेवून द्या.

दुसऱ्या दिवसापासून खाली पाणी सुटायला लागतं. हे पाणी म्हणजे उमेझू, याला जीवापाड जपायचं. तीन-चार दिवसांत फळं त्यात पूर्ण बुडायला हवीत. रोज भांडं हलकेच तिरकं करून वरच्या फळांना ते पाणी लागू द्या, कारण बुडालेल्या फळाला काही होत नाही, जे वर उघडं राहतं तेच बुरसतं. पाणी वर आलं की वजन निम्मं करा नाहीतर फळं चेपून फुटतात. पाच-सहा दिवस झाले आणि पाणी अजून निम्म्यावरच असेल तर याचा अर्थ फळं पुरेशी पिकलेली नव्हती किंवा वजन कमी पडतंय. वजन वाढवा, थोडं मीठ घाला, नाहीतर दुकानात बाटलीत पांढरी उमेझू मिळते ती ओता.

बुरशी आली तर? पांढरा ठिपका एखाद-दुसऱ्या फळावर दिसला तर ते फळ काढून टाका, पाण्यावर आलेला पापुद्रा चमच्याने उचला, बाकीची फळं शोचूने धुऊन घ्या, उमेझू कापडातून गाळून एनॅमलच्या भांड्यात एक उकळी काढून पूर्ण गार करा आणि भांडं परत निर्जंतुक करून सगळं भरा. काळी-हिरवी बुरशी सगळीकडे पसरली असेल तर मात्र वाचवत बसू नका.

शिसो

लाल शिसो जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला मिळतो. हिरव्या शिसोचा इथे उपयोग नाही. शिसो न घालता पण उमेबोशी होते, तिला पांढरी उमेबोशी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर काही जुन्या घरांत तीच जास्त आवडते. पण तो लाल रंग हवा असेल तर हा टप्पा करावा लागतो, आणि मला तरी सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात मजेचा वाटतो.

पानं काडीवरून खुडा, दोन-तीन पाण्यांत धुवा (माती फार असते), पाणी पूर्ण निथळू द्या. मोठ्या बाऊलमध्ये घालून निम्मं मीठ टाका आणि दोन्ही हातांनी जोर लावून चुरगळा. ढीगभर पानांचा बघता बघता मूठभर गोळा होतो आणि काळपट-जांभळं फेसाळ पाणी सुटतं. ते तुरट पाणी घट्ट पिळून फेकून द्या. राहिलेलं मीठ घालून पुन्हा तेच. हातमोजे घाला, नाहीतर ऑफिसात दोन दिवस जांभळी नखं घेऊन बसाल.

आता त्या पिळलेल्या काळपट गोळ्यावर बरणीतली उमेझू अर्धी वाटी ओता आणि बोटांनी मोकळं करा. क्षणात सगळं भडक लालगुलाबी होतं. शिसोमधला अँथोसायनिन रंग आंबटात लाल होतो, बस एवढंच रसायनशास्त्र आहे, पण दरवर्षी बघताना भारी वाटतं. हे सगळं उमेवर पसरा, रंगीत पाणी वरून ओता, छोटं वजन ठेवा, परत बांधा आणि विसरून जा. बाहेर पाऊस पडत असतो, तुम्हाला काही करायचं नसतं.

उन्हात घालणं

तोक्योकडचा पावसाळा साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि जुलैच्या २०च्या आसपास संपतो. त्यानंतर येतो दोयो, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला पंचांगातला शरद ऋतू लागतो त्याच्या आधीचे साधारण १८ दिवस. कडक ऊन, कोरडं आभाळ. या दिवसांत उमे वाळवायची म्हणून याला दोयोबोशी म्हणतात. याच दोयोत बैलाच्या दिवशी भाजलेली उनागी म्हणजे ईल मासा खायची पद्धत आहे, आणि उनागी आणि उमेबोशी एकत्र खाऊ नये असा जुन्या लोकांचा समज, ज्याला काहीही आधार नाही, पण शेजारच्या आजींसमोर असं बोलून बघू नका.

हवामानाच्या ॲपमध्ये सलग तीन-चार दिवस कोरडे दिसले की सुरुवात करायची. दोन दिवस ऊन आणि तिसऱ्या दिवशी पाऊस असेल तर थांबा, फळं बरणीत आणखी पंधरा दिवस राहिली तर काहीही बिघडत नाही. सप्टेंबरमध्ये वाळवणारे लोक पण आहेत.

सकाळी फळं एकेक काढून झारूवर पसरा, एकमेकांना न चिकटता. झारू नसेल तर भारतातून आणलेलं सूप चालेल, मोठी चाळणी प्लास्टिकची असेल तर चालेल, धातूची जाळी नको. खाली दोन विटा किंवा डबे ठेवून हवा खेळू द्या. शिसो पिळून त्याच झारूच्या कडेला पसरा. बरणीतली उमेझू पण वरून कापड बांधून एक दिवस उन्हात ठेवतात.

दिवसातून एकदा उलटायची. भर दुपारी साल झारूला चिकटलेली असते, तेव्हा ओढलं की फाटते. सकाळी लवकर, रात्रीच्या दमटपणाने थोडी ओलसर असताना उलटा, सहज सुटतात. तरी चिकटलंच तर बोट उमेझूत बुडवून त्या जागी लावा. पहिल्या दोन रात्री आत घ्या, तिसऱ्या रात्री पावसाचा धोका नसेल तर बाहेरच राहू द्या, रात्रीचं दव लागून साल मऊ होते म्हणतात. तीन दिवस हा नुसता अंदाज आहे. बोटांच्या चिमटीत फळाची साल उचलून बघा, गरापासून सुटी होऊन वर आली आणि पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या असल्या की झालं. मोठ्या फळांना चार दिवस लागतात, लहान दोन दिवसांत होतात, त्यामुळे सगळी एकदम काढायची सक्ती नाही.

फ्लॅटच्या बाल्कनीत करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, बाल्कनीला ऊन किती तास लागतं ते आधी बघून ठेवा, उत्तरेकडे तोंड असेल तर मैत्रिणीची बाल्कनी शोधा. दुसरं, कावळे उमेच्या वाटेला फारसे जात नाहीत पण धूळ आणि शेजारच्यांची सिगारेट असते, वरून मच्छरदाणीचं किंवा जाळीचं कापड टाका. शेजारणीने विचारलं काय करताय तर सरळ सांगा, यासारखा संवाद सुरू करायचा विषय दुसरा नाही.

भरून ठेवणं आणि खाणं

वाळलेली उमे दोन प्रकारे ठेवतात. नुसती कोरडी बरणीत भरली तर चव गाढ, टिकायला पक्की. परत उमेझूत एकदा बुडवून भरली तर ओलसर, मऊ. मी दुसरी पद्धत धरते. दोन्ही प्रकार खोलीच्या तापमानाला राहतात. लगेच खाल्लं तर मीठ नुसतं बोचतं, तीन महिने थांबा, वर्षभर थांबलात तर त्याला खरी गोलाई येते. जुन्या बरणीत फळावर पांढरे टणक खडे दिसले तर घाबरू नका, ते मिठाचे आहेत. केसाळ, पसरणारं काही दिसलं तर ती बुरशी.

एका मध्यम उमेबोशीत साधारण २ ग्रॅम मीठ जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेचा दिवसाचा सल्ला ५ ग्रॅमच्या आत राहायचा आहे. म्हणजे दिवसाला एक, बीपी असेल तर अर्धी. गरम भातावर, ओनिगिरी म्हणजे भाताच्या गोळ्याच्या पोटात, किंवा भातावर गरम चहा ओतून त्यात कुस्करून, यालाच ओचाझुके म्हणतात, ताप आला असेल तर पेजेत. दहीभातासोबत पण झकास लागते, हा आमच्या घरचा शोध.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: विकत घेताना पाकीट उलटून बघा. कात्सुओ-उमे नावाचा प्रकार सुक्या माशाच्या किसात घोळवलेला असतो, आणि मधवाल्या, गोडसर उमेबोशीतही कधी कधी माशाचा अर्क असतो. कायद्याने लेबलवर नुसतं उमेबोशी आणि चोमी उमेबोशी असा फरक दाखवतात, चोमी म्हणजे मीठ उतरवून वरून चव घातलेली. सामानाच्या यादीत फक्त उमे, मीठ, शिसो एवढंच लिहिलेलं असेल तर डोळे मिटून घ्या. दुकानातल्या उमे ओनिगिरीचंही तेच, यादी वाचा.

उरलेली लाल उमेझू फेकलीत तर मला सांगू नका. कोवळं आलं उभ्या पातळ चकत्या करून, मीठ लावून, थोडं वाळवून त्यात टाका, आठवड्याभरात बेनी शोगा तयार, तेच ते लालभडक आलं जे याकिसोबा म्हणजे परतलेल्या नूडल्सवर असतं. काकडी, मुळा, कोबी काहीही मुरवा. वाळलेला शिसो मिक्सरमधून भरड काढला की भातावर भुरभुरायची चटणी तयार.

हिरव्या उमेचं काय करायचं

हे सोपं आहे, पटकन सांगते. सरबतासाठी हिरवी उमे १ किलो आणि खडीसाखर १ किलो. उमे धुऊन, देठ काढून, कोरडी करून एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा, त्याने आतल्या पेशी फुटतात आणि रस लवकर सुटतो. मग बरणीत एक थर उमे एक थर साखर, रोज एकदा बरणी फिरवा, दहा-पंधरा दिवसांत साखर विरघळून सरबत तयार. बुडबुडे यायला लागले तर फळं काढा, रस मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवून फेस काढा, गार करून फ्रिजमध्ये. चार-पाच पट पाणी किंवा सोडा घालून प्या. कोकम सरबत ज्यांना आवडतं त्यांनी नक्की करा.

उमेशुला तीच हिरवी उमे १ किलो, खडीसाखर ५०० ते ८०० ग्रॅम आणि व्हाइट लिकर १.८ लिटर, चार लिटरच्या बरणीत. तीन महिन्यांनी पिता येते, वर्षाने चांगली लागते. इथे एक कायद्याची गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीतच नसते: घरी फळांची दारू मुरवायला १९६२ साली परवानगी मिळाली, पण वापरलेली दारू २० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोलची हवी, द्राक्षं घालायची नाहीत, आणि ती घरच्यासाठीच, विकायची नाही. म्हणजे साके या तांदळाच्या साध्या १५ टक्केवाल्या दारूत उमे टाकून ठेवणं कायद्यात बसत नाही. आणि प्यायचं वय इथे २० आहे.

नव्या वर्षाचा चहा

क्योतोच्या कितानो तेन्मान्गू देवळाच्या आवारात साधारण १५०० उमेची झाडं आहेत. तिथले देव सुगावारा नो मिचिझाने, दरबारातले मोठे विद्वान, उमेचे वेडे, ९०१ साली राजकारणात हद्दपार होऊन दाझाइफूला गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. देवळाची माणसं जूनमध्ये आवारातली फळं उतरवतात, खारवतात, दोयोत अंगणात पसरून वाळवतात आणि १३ डिसेंबरपासून भाविकांना कागदाच्या पुड्यांत देतात. लोक सकाळी लवकर येऊन रांग लावतात. १ जानेवारीला ती उमेबोशी गरम पाण्यात किंवा चहात टाकून पितात, वर्ष निरोगी जावं म्हणून. याच क्योतोत रोकुहारामित्सुजी देवळात १ ते ३ जानेवारीला असाच चहा मिळतो, त्याची कथा ९५१ सालच्या साथीपर्यंत जाते, कूया नावाच्या भिक्षूने उमेबोशी आणि कोम्बू (खायचं समुद्री शेवाळ) घातलेला चहा आजाऱ्यांना पाजला अशी ती कथा.

तुमची जूनची उमेबोशी तोवर वाळवून भरल्यावर पाच महिने मुरलेली असते, म्हणजे हा चहा घरीच जमतो. सुक्या कोम्बूची बोटभर पट्टी दहा मिनिटं पाण्यात भिजवून मऊ करा आणि एक सैल गाठ मारा. कपात गाठ आणि एक उमेबोशी ठेवा, वरून गरम बानचा किंवा सेन्चा (जपानी हिरवा चहा) ओता, कडक नको, हलकाच, आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. साखर घालू नका, दूध तर नाहीच. चहा पिऊन झाला की उमेबोशी आणि कोम्बू दोन्ही खायचं असतं, बी तेवढी काढा. पहिल्या वर्षी एका कपाला अर्धी उमेबोशी पुरते, नाहीतर सासूबाई म्हणतील चहात मीठ कोणी टाकलं.